पाणी उंबरठ्याशी येण्याआधी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन सुरू होते आणि याच तीन महिन्यांत आपल्या वस्तीतला नालाही भरून वाहू लागतो. पावसाळ्यात भिक्खूंनी एका ठिकाणी राहावे, हा नियम ऋतू ओळखून घातलेला आहे. पाऊस येणारच आहे, मग त्याआधी काय करायचे ते ठरवून ठेवावे, हा धडा आपल्या घरालाही लागू आहे.

26 जुलै 2005 हा दिवस मुंबईतली कोणतीही वस्ती विसरलेली नाही. सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. पाणी ओसरले, पण त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोस्पायरोसिसच्या तापाने पुन्हा माणसे नेली. पुरातून वाचलेला माणूस तापाने जावा, हे दुःख टाळता येण्यासारखे आहे.

आपल्या वस्त्या सखल भागात, नाल्याकाठी, डोंगराच्या उतारावर वसल्या, ही कोणाची हौस नव्हती. नालेसफाई करणे, संरक्षक भिंत बांधणे हे प्रशासनाचे काम आहे आणि ते मागत राहिलेच पाहिजे. पाण्याचा हक्क कसा मागायचा हे 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी दाखवून दिले आहे. पण रात्री दोन वाजता पाणी घरात शिरते तेव्हा आधी केलेली तयारीच कामी येते.

कागदपत्रे सर्वांत वर

भांडी, टीव्ही पुन्हा घेता येतो. भिजून लगदा झालेला जुना दाखला पुन्हा मिळवताना मात्र वर्ष जाते. जातीच्या दाखल्यासाठी आपल्याकडे 10 ऑगस्ट 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. अनेक घरांत तो पुरावा म्हणजे आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा एकुलता एक दाखला असतो. झोपडी पात्र ठरवतानाही 1 जानेवारी 2000 पूर्वीचे वीजबिल, मतदार यादीतले नाव असे जुने पुरावे लागतात. हे सगळे, रेशन कार्ड, आधार, फोटोपास, बँकेचे पासबुक आणि दवाखान्याची फाईल दोन प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधा. ती पिशवी सर्वांत उंच फळीवर ठेवा आणि कुठे ठेवली ते घरातल्या प्रत्येकाला दाखवा. मोबाईलवर फोटो काढून गावच्या नातेवाइकालाही पाठवून ठेवा.

वीज, गॅस आणि पोटमाळा

पाणी गल्लीत दिसू लागले की मेन स्विच बंद करा. घरात पाणी शिरल्यानंतर ओल्या पायाने बोर्डाला हात लावू नका. गल्लीतला लोखंडी खांब, पत्र्याची भिंत, लोंबती वायर यांपासून मुलांना लांब ठेवा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा आणि सिलिंडर वाहून जाणार नाही असा बांधा.

पाण्याचा निचरा व्हावा म्हणून मॅनहोलचे झाकण कधीही उघडू नका. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात मुंबईत एका नामवंत डॉक्टरांचा उघड्या मॅनहोलमध्ये पडून मृत्यू झाला. पाण्यातून जावेच लागले तर हातात काठी घ्या आणि पुढची जमीन चाचपत चला.

समुद्राला मोठी भरती असेल तर नाल्यांचे पाणी बाहेर पडत नाही. म्हणून भरतीची वेळ आणि जोरदार पाऊस एकत्र आले की सामान आधीच पोटमाळ्यावर चढवा. सामान पोटमाळ्यावर असू द्या, पण माणसांनी तिथे अडकून बसू नये. पाणी वाढत राहिले तर तिथून बाहेर पडायला वाट नसते.

डोंगरउतारावर किंवा उंच भिंतीखाली घर असेल तर धोका वेगळा असतो. 18 जुलै 2021 च्या पहाटे चेंबूरच्या माहुल भागात भिंत घरांवर कोसळली, तेव्हा माणसे झोपेत होती. भिंतीला नवी भेग पडणे, तिला पोट येणे, झाड किंवा खांब कलणे, दरवाजा अचानक अडकू लागणे, उतारातून गढूळ पाणी झिरपणे, या खुणा दिसल्या तर ती रात्र त्या घरात काढू नका.

औषधांची पिशवी

रक्तदाब, मधुमेह, फिट्स, टीबी यांच्या गोळ्या निदान दोन आठवडे पुरतील इतक्या घरात ठेवा. टीबीची गोळी पुरामुळे चुकली तर आजार बळावतो. पिशवीत ओआरएसची पाकिटे, पॅरासिटामॉल, जखमेवर बांधायची पट्टी, साबण, सॅनिटरी पॅड, टॉर्च आणि चार्ज केलेली पॉवर बँक असावी. घरात गरोदर बाई असेल तर आठवा महिना लागताच ठरवा की पाणी भरले तर ती कुठे राहील आणि तिला कोण नेईल. रुग्णवाहिकेसाठी 108, पोलीस व तातडीच्या मदतीसाठी 112, मुंबई महापालिकेच्या आपत्ती कक्षासाठी 1916, हे तीन नंबर दारामागे मोठ्या अक्षरांत लिहा.

पहिले 72 तास

पुराच्या पाण्यात उंदीर, कुत्रे, गुरे यांचे मूत्र मिसळलेले असते. पायाच्या बारीक चिरेतूनही लेप्टोचे जंतू शरीरात जातात. म्हणून पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुवा, कोरडे करा आणि 72 तासांच्या आत जवळच्या पालिका दवाखान्यात जा. तिथे डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात. किती गोळ्या आणि किती दिवस, हे जखम होती का, पाण्यात किती वेळ होता, यावर ते ठरवतात. आठ वर्षांखालील मुलांना आणि गरोदर बायकांना ही गोळी देत नाहीत, त्यांच्यासाठी दुसरे औषध असते. म्हणून शेजारणीची गोळी मुलाला देऊ नका.

पुढच्या महिनाभरात ताप, पोटऱ्यांत दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी किंवा पिवळी होणे यांपैकी काही जाणवले तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि “मी पुराच्या पाण्यातून चाललो होतो” हे स्वतःहून सांगा. आपल्याकडे खाडा नको म्हणून तापाची गोळी घेऊन कामावर जाणारे पुष्कळ आहेत. एका दिवसाची मजुरी वाचते, पण लेप्टोमध्ये तोच दिवस मोलाचा असतो. डेंग्यूचीही शक्यता असते, म्हणून आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन मनाने घेऊ नका.

पिण्याचे पाणी खळखळून उकळा किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारी क्लोरीनची गोळी पाकिटावर लिहिल्याप्रमाणे वापरा. पुराचे पाणी लागलेले पीठ, भाजी टाकून द्या. जुलाब लागल्यास आणि ओआरएस नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून थोडेथोडे पाजा. घर धुताना ब्लीचिंग पावडरमध्ये अ‍ॅसिड मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो. पिंपे आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा.

विहाराचे काम

वस्तीतली सर्वांत पक्की जागा बहुधा विहाराची असते. वर्षावासाच्या पहिल्या आठवड्यात वाचन झाल्यावर अर्धा तास यासाठी काढा. महिला मंडळाने एका वहीत लिहावे: कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसे आहेत, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोण गरोदर आहे, कोणाच्या घरी तान्हे मूल आहे. प्रत्येक नावापुढे दोन तरुणांची नावे लिहावीत. पाणी भरले की त्यांनी आधी त्या दारात जायचे. विहाराची किल्ली दोन घरांत असावी, म्हणजे रात्री कुलपापाशी कोणी खोळंबणार नाही. ही वही फक्त आपल्या लोकांची नसावी. गल्लीत जो राहतो, त्याचे नाव त्यात यावे.

धम्मात अप्रमादाला, म्हणजे गाफील न राहण्याला, मोठे स्थान आहे. या पावसाळ्यात त्याची सुरुवात एका प्लास्टिकच्या पिशवीपासून आणि एका वहीपासून करू या.

जय भीम! नमो बुद्धाय!