हवेच्या टाकीची निगा

विहिरीच्या कामावर ट्रॅक्टरास जोडलेला कॉम्प्रेसर आतां गांवोगांव दृष्टीस पडतो. दख्खनच्या काळ्या पाषाणांत सुरुंगाचें एक भोंक पाडावयाचें तर पूर्वीं पहार व घण घेऊन दोन गडी घामाघूम होत. आज हवेच्या दाबानें चालणारें ड्रिल तेंच काम थोड्या वेळांत उरकतें. कित्येक शेतकऱ्यांनीं असें यंत्र घेऊन तें भाड्यानें देण्याचा जोडधंदाहि केला आहे. शिवाय टायरांत हवा भरणें, ट्रॅक्टरची जाळी साफ करणें, अवजारांस रंग देणें, यांसाठीं विजेवर चालणारा लहान कॉम्प्रेसर पुष्कळांच्या गोठ्याशेजारीं येऊन बसला आहे. यंत्र घरीं आलें. त्याची निगा मात्र सर्वत्र आली असें दिसत नाहीं. त्याविषयीं चार अनुभवाच्या गोष्टी वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे.

प्रस्तुत लेखक यंत्रशास्त्रज्ञ नव्हे. शिक्षण मराठी शाळेंतलें, आणि हयात महसूल कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. तथापि या विषयाचा धडा त्यास जबर किंमत देऊन मिळाला आहे. तो आधीं सांगतों.

सन २०११ च्या उन्हाळ्यांत आमच्या एका पुतण्यानें वापरलेला कॉम्प्रेसर विकत घेतला. कागदपत्रांत मुरलेला माणूस म्हणून त्यानें मला बरोबर नेलें. मीं पावती वाचली, सह्या ताडून पाहिल्या, ट्रॅक्टरचें नोंदणीपुस्तक तपासलें. टाकीकडे पाहिलें तें इतकेंच, कीं रंग नवा आहे. पुढें महिन्याभरांत आमच्याच विहिरीवर काम चालू असतां टाकीवरील सुरक्षेच्या झडपेंतून हवा फुसफुसूं लागली. हवा वायां जाते म्हणून यंत्र चालविणाऱ्यानें झडपेचा स्क्रू पान्यानें आवळून ती बंद केली. दुपारीं आमचा सालगडी भाकरी खावयास त्या यंत्राच्या सावलीस बसला. यंत्र चालूच होतें. एकाएकीं टाकीचा तळ फाटला. सालगड्याचा पाय मांडींत मोडला आणि उजवा कान कायमचा गेला.

फाटलेल्या पत्र्याची कड मीं मागाहून हातांत घेऊन पाहिली. वरच्या अंगास पत्रा चांगला जाड होता. तळाशीं तो गंजून वहीच्या पुठ्ठ्याएवढा राहिला होता. पाणी सोडण्याची खालची तोटी चिखलानें व गंजानें बुजून गेली होती. खरेदीच्या दिवशीं ती उघडून पाहिली असती, तर टाकीची खरी अवस्था तेथेंच कळली असती. सर्व कागद तपासणाऱ्या माझ्या डोळ्यांस ती तोटी दिसली नाहीं. त्या चुकीची भरपाई होण्यासारखी नाहीं. इतरांस ती टाळतां यावी, एवढ्याचसाठीं हें लिहितों.

दाब म्हणजे काय

हवेच्या दाबाचें सामर्थ्य जगास नवें नाहीं. फ्रान्स व इटली यांमधील आल्प्स पर्वतांत माँ सनी येथील सुमारें १३ किलोमीटरांचा बोगदा १८५७ सालीं खोदावयास घेतला, तेव्हां काम पंचवीस वर्षें चालेल असा अंदाज होता. १८६१ पासून सोमेये नांवाच्या इंजिनियरानें दाबलेल्या हवेचीं ड्रिलें तेथें लाविलीं, आणि बोगदा १८७१ सालीं खुला झाला. आपल्याकडे पुण्यास किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ सालीं निघाली. आतां तर हें यंत्र खेड्यांतील मिस्त्रीसहि परिचयाचें आहे.

परंतु परिचय वाढला कीं भीति सुटते. घड्याळाचा कांटा ७ किलोवर आहे, याचा अर्थ टाकीच्या आंतल्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरावर ७ किलोंचा रेटा आहे. टाकीचा व्यास ४० सेंटिमीटर धरला, तर तिच्या एका झांकणावरचा एकूण रेटा सुमारें ८,८०० किलो होतो. म्हणजे क्विंटलाचीं अठ्ठ्याऐंशीं पोतीं एका झांकणावर रचल्याप्रमाणें. २०० लिटरांच्या टाकींत ७ किलो दाबानें कोंडलेल्या हवेंत इतकी शक्ति असते, कीं एक टनाचा धोंडा १८ मीटर, म्हणजे सुमारें दहा परस, वर उचलला जावा. पाणी दाबानें फारसें आकुंचन पावत नाहीं, म्हणून पाण्याची टाकी फुटली तर बहुधा गळते. हवा मात्र आवळलेल्या स्प्रिंगेप्रमाणें एका क्षणांत सुटते. पत्रा जाड आहे तोंवर ही शक्ति आपली चाकर. तो झिजला कीं तीच काळ होते.

टाकींतील पाणी

पत्रा झिजतो तो पाण्यानें. टाकींत पाणी कोणी ओततो काय, असें कोणी विचारील. उत्तर असें कीं, हवाच तें बरोबर आणते. पावसाळ्यांतील ३० अंश उष्णतेच्या दमट हवेच्या एका घनमीटरांत चोवीस-पंचवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. ती हवा दाबून आठव्या हिश्शावर आणली व थंड झाली, म्हणजे तिला तेवढी वाफ धरून ठेवतां येत नाहीं. तासास १० घनमीटर हवा ओढणारा लहान कॉम्प्रेसरहि अशा दिवसांत तासाला सुमारें २०० ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाणी गाळतो. तें तळाशीं सांचतें, तेथेंच गंज धरतो, आणि बाहेरचा रंग नवा राहून टाकी आंतून खाल्ली जाते.

म्हणून दररोज काम संपतांच यंत्र बंद करावें, दाब किलोभर राहीपर्यंत उतरूं द्यावा, आणि बाजूस उभें राहून तळाची तोटी हळूहळू उघडावी. पाणी संपून नुसती हवा येऊं लागली म्हणजे टाकी रिकामी झाली. रात्रभर तोटी उघडीच ठेवावी. ट्रॅक्टर उतारावर उभा असल्यास तोटीकडील अंग खालीं येईल असा लावावा, नाहींतर अर्धें पाणी आंतच राहतें. तोटी बुजली असेल तर आंत दाब असतां तिच्यांत तार खुपसूं नये; टाकी पूर्ण रिकामी करून तोटी काढून साफ करावी.

सुरक्षेची झडप

गांवांत हिला नुसतें सेफ्टी म्हणतात. दाब मर्यादेपलीकडे गेला कीं हिनें आपोआप उघडून हवा सोडावी. यंत्राचा कामाचा दाब जितका, त्याहून साधारण दहावा हिस्सा अधिक झाला कीं ती उघडेल अशी ती लाविलेली असते. मात्र टाकी ज्या दाबासाठीं केलेली आहे, त्या आंकड्यापलीकडे झडप कधींहि लावूं नये. तो आंकडा टाकीवरील पट्टीवर कोरलेला असतो. ज्या टाकीस अशी पट्टी नाहीं, ती कितीहि स्वस्त मिळो, विकत घेऊं नये.

महिन्यांतून एकदां दाब असतां झडपेची कडी ओढून पाहावी. हवा जोरानें सुटून कडी सोडतांच बंद झाली पाहिजे. झडप गळूं लागली तर नवी बसवावी. ती आवळणें, तिच्या तोंडांत खुंटी ठोकणें, किंवा टाकी व झडप यांमध्यें तोटी बसविणें म्हणजे अपघातास आमंत्रण. झडप गळते याचा अर्थ पुष्कळदां असाहि असतो, कीं दाब खरोखरच वाढला आहे व घड्याळ खोटें सांगत आहे. यंत्र थांबवून दाब उतरल्यावर कांटा शून्यावर येत नसेल, तर तें घड्याळ टाकून द्यावें.

तेल, गाळणी व उष्णता

हवा दाबली कीं तापते. ३० अंशांची हवा एकाच दमांत ७ किलोंपर्यंत दाबली, तर हिशेबानें तिची उष्णता २७० अंशांच्या वर जाते. म्हणूनच नळकांड्यास पंखे काढलेले असतात आणि मोठ्या यंत्रांत हवा दोन टप्प्यांत दाबून मध्यें थंड करितात. हे पंखे धुळीनें व तेलानें माखले, कीं उष्णता आंतच कोंडते. तेल अधिक भरलें किंवा भलतेंच घातलें, तर तें हवेबरोबर जाऊन बाहेर जाणाऱ्या झडपांवर जळतें व काजळी धरते. ती तापून निखाऱ्यासारखी झाली कीं नळींत आग लागते. तेल कॉम्प्रेसरसाठीं केलेलेंच वापरावें, रोज त्याची पातळी पाहावी, आणि गाळणी धुळीच्या दिवसांत आठवड्यास काढून झटकावी. गाळणी अगर नळकांडें पेट्रोलनें किंवा रॉकेलनें धुऊं नये. त्याची वाफ आंत राहून स्फोट होतो.

नळी व सांधे

दाब असतां सुटलेली नळी सापाप्रमाणें सळसळते, आणि तिच्या टोकाची लोखंडी जोडणी डोक्यांत बसली तर मनुष्य उठत नाहीं. प्रत्येक सांध्यास खीळ घालावी व दोन्ही बाजूंच्या नळ्या बळकट साखळीनें बांधाव्या. तारेचें वेटोळें घालून काम भागविणें खरें नव्हे. नळी सोडण्यापूर्वीं तोटी बंद करून आंतली हवा जाऊं द्यावी.

गळतीचा हिशेबहि लक्षांत ठेवावा. तीन मिलिमीटरांच्या एका छिद्रांतून ७ किलो दाबाची हवा मिनिटास अर्ध्या घनमीटराहून अधिक निघून जाते. तिच्यासाठीं जाळलेलें डिझेल फुकट जातें. साबणाचा फेंस सांध्यास लावला कीं गळती दिसते.

ट्रॅक्टरच्या पी. टी. ओ. दांड्यावर व पट्ट्यावर जाळीचें आवरण असलेंच पाहिजे. धोतराचा सोगा किंवा पदर त्यांत सांपडला, तर ओढून काढण्यास अवसर मिळत नाहीं.

हवा अंगावर घेऊं नये

काम संपल्यावर नळी अंगावर धरून धूळ उडविण्याची खोड सर्वत्र आहे. त्यानें डोळा जातो, आणि जखमेंतून हवा कातडीखालीं शिरते. पोरवयाचे गडी थट्टेनें एकमेकांच्या गुदद्वाराशीं नळी धरितात. हवा पोटांत शिरून आंतडीं फाटतात. अशा थट्टेनें आपल्या देशांत माणसें मेल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत एकाहून अधिक वेळां आल्या आहेत. मालकानें गड्यांस पहिल्याच दिवशीं हें स्पष्ट शब्दांत बजावावें. लाज धरूं नये.

विहिरीच्या तोंडाशीं

यंत्र विहिरीच्या कांठापासून दूर व वाऱ्याच्या खालच्या अंगास उभें करावें. ट्रॅक्टरचा धूर विहिरींत उतरून सांचतो, व त्यांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं कीं वास नाहीं. कंदील विझला नाहीं म्हणजे हवा निर्दोष, असें समजूं नये. हा वायु कंदिलास कळत नाहीं. सुरुंग उडाल्यावर लागलेंच कोणी उतरूं नये. नळी तळाशीं सोडून बराच वेळ ताजी हवा खेळवावी. मात्र कॉम्प्रेसर जेथून हवा ओढतो तें तोंड धुरापासून लांब असावें. जुन्या सुरुंगाच्या उरलेल्या भोंकांत पुन्हां ड्रिल घालूं नये, कारण तेथें दारू शिल्लक असूं शकते.

ट्रॉलीच्या ज्या चाकास लोखंडी कडें बसविलेलें असतें, त्यांत हवा भरतांना समोर उभें राहूं नये. कडें नीट बसलें नसल्यास तें तोफेच्या गोळ्याप्रमाणें सुटतें.

नोंदवही

१९४८ च्या कारखाने-कायद्याच्या ३१ व्या कलमानें, दाबाचें यंत्र ठरल्या दाबापलीकडे जाऊं नये अशी तजवीज ठेवण्याचा दंडक घातला होता. शेतावरील यंत्र पाहावयास मात्र कोणी निरीक्षक येत नाहीं. तेथें मालकच निरीक्षक.

म्हणून माझी सूचना अशी. एक साधी वही यंत्राच्या पेटींत ठेवावी. तींत रोज तीन गोष्टी लिहाव्या: पाणी सोडलें, तेल पाहिलें, सांधे पाहिले. महिन्यास एकदां झडपेची कडी ओढल्याची तारीख लिहावी. वर्षांतून एकदां, मोसम सुरू होण्यापूर्वीं, जाणत्या कारागिराकडून पत्र्याची जाडी मोजवून घ्यावी, आणि टाकी जुनी असल्यास तिच्यांत पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाबानें परीक्षा करवावी. ही परीक्षा पाण्यानेंच करावी, हवेनें कदापि नव्हे. टाकीस छिद्र पडलें तर तिला ठिगळ लावून झाळूं नये. ती मोडींत घालावी.

सात-बाराचा उतारा जपून ठेवणारे आपण लोक. जमीन कोणाच्या नांवें आहे याची नोंद जितकी महत्त्वाची, तितकीच आपल्या यंत्राजवळ बसून भाकरी खाणारा मनुष्य सुरक्षित आहे कीं नाहीं, याचीहि नोंद महत्त्वाची. आमचा सालगडी आज आमच्याच वस्तीवर राहतो. त्याच्याशीं बोलावयाचें तर डाव्या बाजूस जाऊन बसावें लागतें. दरवेळीं तसें बसतांना ती बुजलेली तोटी मला आठवते. ज्यांच्या घरीं असें यंत्र आहे, त्यांनीं हा अंक खालीं ठेवतांच उठून आपल्या टाकीची तोटी उघडून पाहावी, एवढीच विनंति.