पाठमोरी साथ

बोचिया हा अपंगांचा खेळ १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. सहा लाल, सहा निळे चेंडू. पांढऱ्या चेंडूच्या जवळ आपला न्यायचा. ज्यांना चेंडू टाकता येत नाही ते तो घसरणीवरून सोडतात; कुणी तर डोक्याला बांधलेल्या दांडीने! घसरण हलवायला मदतनीस मिळतो, पण त्याने मैदानाकडे पाठ करूनच बसायचे, काही सुचवायचे नाही. घसरण कुठे वळवायची, हे खेळाडूच ठरवणार. आपल्याकडे अपंग लेकराला भरवणारी आई पुष्कळदा त्याच्या वतीने बोलूनही टाकते. इथे ती सोय नाही.

ग्रीसचा ग्रिगोरिओस पोलिख्रोनिदिस २०१६ च्या रिओ आणि २०२१ मध्ये झालेल्या टोकियो स्पर्धेत रौप्यपदक विजेता. त्याची मदतनीस पत्नीच, कातेरिना पात्रोनी. चेंडू कुठे थांबला, हे तिला फेरी संपल्यावरच वळून पाहता येई.