गर्भनिवारणाचे जुने योग : त्यांचें वाचन व त्यांची मर्यादा

वैद्यकाचीं बाडें चाळणाऱ्या संग्राहकांस एक अनुभव वारंवार येतो. ज्वर, अतिसार, नेत्ररोग यांचे योग संपल्यावर पुस्तीच्या एखाद्या कोऱ्या पानावर किंवा समासांत, निराळ्या हातानें व घाईच्या अक्षरांत, गर्भ राहूं नये म्हणून करावयाचा एखादा उपाय टिपलेला असतो. अशा पानांची आजवर दोन प्रकारें हेळसांड होत आली. कोणी लाजेनें तीं फाडून टाकलीं किंवा त्यांवर शाई फांसली. आणि कोणी, विशेषतः अलीकडे, पूर्वजांचें गुप्त ज्ञान म्हणून तीं डोक्यावर घेतलीं. पहिल्या प्रकारानें पुरावा नष्ट होतो. दुसऱ्यानें जिवंत माणसाची हानि होते. कारण असल्या पानाकडे वळणारें तरुण माणूस बहुधा आधींच चिंतेनें ग्रासलेलें असतें. म्हणून हीं पानें कशीं वाचावींत आणि तीं कोठवर खरीं मानावींत, याचा थोडक्यांत विचार करण्याचें योजिलें आहे.

(१) परंपरेचें प्राचीनत्व

गर्भ नको ही इच्छा आधुनिक काळांत उत्पन्न झाली, हा समज निराधार आहे. बृहदारण्यक उपनिषदाच्या सहाव्या अध्यायांतील चौथ्या ब्राह्मणांत, गर्भ राहूं नये अशी इच्छा असल्यास काय करावें आणि राहावा अशी इच्छा असल्यास काय करावें, हीं दोन्ही विधानें लागोपाठ आलीं आहेत. तेथील साधन मंत्र आणि श्वासोच्छ्वासाचा क्रम एवढेंच आहे. पुढें कामशास्त्राच्या ग्रंथांत औषधें येतात. लोदी घराण्यांतील लाडखानाकरितां कल्याणमल्लानें रचलेल्या अनंगरंगांत असे योग आहेत. वैद्यकांत भावमिश्राच्या भावप्रकाशांत (इसवी सनाचें सोळावें शतक) आणि महाराष्ट्रांतील वैद्यांच्या घरोघरीं असलेल्या व पुण्याच्या आनंदाश्रमानें छापलेल्या योगरत्नाकरांत ते सांपडतात.

या योगांचे स्थूल मानानें तीन वर्ग पडतात. पहिला पोटांत घेण्याचा : पिंपळी, वावडिंग व टांकणखार यांचें समभाग चूर्ण ऋतुकालीं दुधांतून घेणें, किंवा जास्वंदीचीं फुलें कांजींत वाटून जुन्या गुळाबरोबर घेणें. दुसरा योनींत ठेवण्याचा : तेलानें माखलेला सैंधवाचा खडा. तिसरा धुरीचा : कडुनिंबाच्या लांकडाचा धूर. पैकीं सैंधवाचा योग निव्वळ कल्पनेचा नव्हे. तीव्र मिठानें शुक्रबीजें मरतात व तेलानें त्यांची गति मंदावते. परंतु त्याच मिठानें आंतील नाजूक त्वचाहि सोलून निघते, आणि किती मीठ पुरेसें व किती घातक याचें माप कोणत्याहि पानांत दिलेलें नाहीं. वावडिंग व जास्वंद यांच्या अर्कांवर विसाव्या शतकांत आपल्या देशांतील प्रयोगशाळांत उंदरांवर प्रयोग झाले व कांहीं परिणाम दिसलाहि. पण प्राण्यांत दिसलेला परिणाम म्हणजे मनुष्याकरितां सिद्ध झालेलें औषध नव्हे. उलट अनंगरंगांतील एक योग पाहावा. तीन वर्षांचा जुना गूळ पंधरवडाभर रोज खाल्ल्यास स्त्री जन्मभर वंध्या राहते असें तो सांगतो. जुना गूळ खाणाऱ्या कुटुंबांतील मुलेंबाळें मोजलीं तरी या योगाची परीक्षा होते.

(२) ऋतुकालाची गणना

आमच्या मतें या परंपरेंतील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा औषधांचा नसून दिवसांच्या मोजणीचा आहे. कारण पान कोणी वाचो न वाचो, ही मोजणी तोंडीं चालत आली आहे. सुश्रुत व वाग्भट यांच्या मतें रजोदर्शनापासून बारा रात्रि हा ऋतुकाल. दिवस मावळतांच कमळ मिटतें तसें ऋतुकाल सरतांच गर्भाशयाचें द्वार मिटतें, असा दृष्टांत दोघेहि देतात. मनु व याज्ञवल्क्य ही मर्यादा सोळा रात्रि मानतात. यावरून बाराव्या किंवा सोळाव्या रात्रीनंतर भय नाहीं, असें अनुमान सहज निघतें आणि पुष्कळांनीं तें काढलें आहे.

आतां हें अनुमान आजच्या ज्ञानाशीं ताडून पाहूं. जपानांतील ओगिनो व ऑस्ट्रियांतील क्नाउस यांनीं इ. स. १९२० नंतरच्या दशकांत स्वतंत्रपणें असें दाखविलें कीं, स्त्रीबीज पुढची पाळी येण्यापूर्वीं सुमारें चौदा दिवस सुटतें. म्हणजे मोजणी मागील पाळीपासून पुढें नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून मागें करावयाची. पुरुषबीज स्त्रीच्या शरीरांत पांच दिवसांपर्यंत टिकूं शकतें. स्त्रीबीज सुमारें एक दिवस टिकतें. ज्या स्त्रीची पाळी अठ्ठावीस दिवसांनीं येते तिचें बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटणार. बारा रात्रींच्या नियमावर विसंबून तेरावी व चौदावी रात्र निर्भय मानणारीं माणसें नेमक्या अधिकांत अधिक संभवाच्या दिवशीं निश्चिंत राहतात. सोळा रात्रींचा नियम येथें तरतो. पण पाळी पस्तीस दिवसांनीं येत असेल तर बीज एकविसाव्या दिवसाच्या सुमारास सुटतें आणि तोहि नियम फसतो. शिवाय तरुण वयांत पाळी पुष्कळदां अनियमित असते. तेव्हां पुढची पाळी कधीं येणार हें आधीं ठाऊक नसतें, आणि मागें मोजण्याचा मार्गहि बंद होतो.

यांत सुश्रुतास दोष देण्याचें कारण नाहीं. त्यानें ही गणना अपत्य हवें असणाऱ्यांसाठीं केली होती, आणि तिच्यांतील शेवटच्या चारपांच रात्रि त्या कामास योग्यच आहेत. गर्भाधानाचा नियम उलटा फिरवून निवारणास लावणें, हा मागाहूनच्या लोकांचा तर्कदोष होय.

(३) विषारी पानें

गर्भनिवारण आणि गर्भपातन यांचे योग पुष्कळदां शेजारीं शेजारीं असतात, आणि वाचणारा दोहोंची गल्लत करतो. पातनाच्या योगांत चित्रकाची मुळी वारंवार येते. तिच्यांतील द्रव्य त्वचेवर लागलें तरी फोड उठतात. आंत घातल्यास काय होत असेल हें निराळें सांगावयास नको. कण्हेरीची मुळीहि याच कामीं येत असे, व ती हृदयास घातक आहे. अशा उपायांनीं गर्भ पडला तर बहुधा विषबाधेनें वा जखम सडून पडे, आणि त्याबरोबर स्त्रीहि जाई.

हा धोका माहीत असूनहि स्त्रिया या मार्गास कां लागत, याचें उत्तर वैद्यकाच्या बाडांत नाहीं. तें समाजाच्या इतिहासांत आहे. इ. स. १८६३ त जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें तें याच कारणास्तव. इ. स. १८८१ त सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेस अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली. तीवर वर्तमानपत्रांत स्त्रीजातीची जी निंदा सुरू झाली तिला उत्तर म्हणून ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुषतुलना' इ. स. १८८२ त निघाली. समासांतील त्या घाईच्या दोन ओळी या घटनांच्या शेजारीं ठेवून वाचल्या म्हणजे त्यांचा खरा अर्थ लागतो. त्या कामुकपणाची खूण नसून भीतीची खूण आहेत.

(४) फिरंग रोग

संभोगांतून येणाऱ्या रोगांचा विषय गर्भचिंतेहून निराळा असला तरी तरुणांच्या दृष्टीनें तो तिला लागूनच आहे. फिरंग रोगाचें वर्णन प्रथम भावप्रकाशांत मिळतें. फिरंगी लोकांच्या संसर्गानें हा रोग होतो असें भावमिश्र स्पष्ट सांगतो, आणि त्यावर रसकर्पूर व चोपचिनी हे उपाय देतो. चोपचिनी बाहेरून येणारी, रोगहि बाहेरून आलेला. नवा रोग ओळखून त्यास नवें नांव देणाऱ्या या ग्रंथकाराची दृष्टि प्रशंसनीय आहे. परंतु रसकर्पूर हें पाऱ्याचें लवण आहे व त्यानें रोग्याचे दांत पडत. इ. स. १९४३ त पेनिसिलिन या रोगावर लागू पडतें असें सिद्ध झाल्यावर पाऱ्याचें कारण उरलें नाहीं. हा रोग मात्र उरला आहे, आणि त्याच्या जोडीस एच्. आय्. व्ही. सारखे दुसरेहि आले आहेत. बाहेरून कांहीं दिसत नसतांहि यांची बाधा असूं शकते. शंका आल्यास रक्ताची तपासणी हाच निर्णय.

(५) कर्वे यांचें कार्य

या विषयावर महाराष्ट्रांत शास्त्रीय दृष्टीनें व उघडपणें लिहिण्याचा मान रघुनाथ धोंडो कर्वे (इ. स. १८८२–१९५३) यांजकडे जातो. महर्षि धोंडो केशव कर्वे यांचे हे पुत्र, गणिताचे अध्यापक. इ. स. १९२१ त, ज्या वर्षीं लंडनमध्यें मेरी स्टोप्स यांनीं आपलें केंद्र उघडलें त्याच वर्षीं, यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें. 'संततिनियमन : विचार आणि आचार' हें पुस्तक इ. स. १९२३ त आलें. या मतांपायीं त्यांस अध्यापकाची नोकरी सोडावी लागली. इ. स. १९२७ पासून मृत्यूपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें. घरचा भार पत्नी मालतीबाई यांनीं वाहिला. वाचकांच्या खाजगी प्रश्नांस दिलेल्या उत्तरांवरून इ. स. १९३४ त जो अश्लीलतेचा खटला झाला, त्यांत कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मांडली. खटला हरला, परंतु अशा प्रश्नांस उत्तर मिळालें पाहिजे हा मुद्दा कायमचा मांडला गेला. 'समाजस्वास्थ्या'चे जुने अंक ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते पोथ्यांइतकेच जपावे.

(६) आजची स्थिति

आज जीं साधनें उपलब्ध आहेत त्यांचीं नांवें संस्कृताच्या विद्यार्थ्यास परकीं वाटणार नाहींत. सरकारनें इ. स. १९६८ पासून प्रसारांत आणलेला 'निरोध' पतंजलीच्या सूत्रांतून ओळखीचा शब्द आहे. पतंजलीनें मात्र तो चित्तवृत्तीस लाविला होता. गर्भ व रोग या दोहोंपासून एकदम रक्षण करणारें साधन हें एकच. नित्याच्या वापरांत, म्हणजे माणसांच्या चुका धरून, वर्षभरांत शंभर स्त्रियांपैकीं सुमारें तेरांस निरोध असतांहि गर्भ राहतो. तोच प्रत्येक वेळीं व आरंभापासून नीट वापरल्यास ही संख्या दोनवर येते. ऐन वेळीं बाहेर सरण्याच्या जुन्या रीतींत ती सुमारें वीस आहे. 'माला' या गोळ्या रोज घ्यावयाच्या. लखनौच्या संशोधनशाळेंत सिद्ध झालेली 'सहेली' किंवा 'छाया' ही गोळी पहिले तीन महिने आठवड्यांतून दोनदां व पुढें एकदां घेतात. 'अंतरा' हें तीन महिन्यांनीं टोचून घ्यावयाचें औषध. तांबी गर्भाशयांत बसविली म्हणजे कांहीं वर्षें काम देते. कोणतें साधन कोणास योग्य हें वैद्यकीय सल्ल्यानें ठरवावें.

निरोध फाटला, किंवा कांहींच वापरलें नाहीं, तर लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची तातडीची गोळी ७२ तासांच्या आंत घेतात. जितकी लवकर तितकी बरी. ती औषधाच्या दुकानांत चिठ्ठीवांचून मिळते. ती राहिलेला गर्भ पाडीत नाहीं व रोगापासून राखीत नाहीं. पांच दिवसांच्या आंत तांबी बसवून घेणें हा त्याहून खात्रीचा उपाय. पुढें पाळी चुकल्यास तर्क करीत बसूं नये; मूत्राची परीक्षा करावी. सरकारी आरोग्यकेंद्रांतील त्या पट्टीचें नांवच 'निश्चय' आहे. पाळीचा नेम नसल्यास संबंधानंतर २१ दिवसांनीं केलेली परीक्षा भरवंशाची. आजार, वजनांतील फरक आणि खुद्द चिंता यांनींहि पाळी लांबते, हेंहि ध्यानांत असावें.

गर्भ राहिलाच व नको असेल, तर चित्रकाच्या मुळीचा काळ संपला आहे. गर्भपाताचा कायदा इ. स. १९७१ त झाला. इ. स. २०२१ च्या दुरुस्तीनें २० आठवड्यांपर्यंत एका अधिकृत डॉक्टरचें मत पुरेसें ठरलें, आणि साधन निष्फळ झाल्याच्या कलमांत 'पति' या शब्दाच्या जागीं 'जोडीदार' हा शब्द आला. विशिष्ट परिस्थितींत ही मर्यादा २४ आठवड्यांची आहे. तिचा लाभ अविवाहित स्त्रीसहि आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २९ सप्टेंबर २०२२ रोजीं दिला. अठरा वर्षें पूर्ण झालेल्या स्त्रीची स्वतःची संमति पुरते. पतीची किंवा वडिलांची लागत नाहीं. तिचें नांव गुप्त ठेवणें डॉक्टरवर बंधनकारक आहे.

(७) संग्राहकांस सूचना

हीं पानें कोणीहि फाडूं नयेत. यादी करतांना योग निवारणाचा, पातनाचा कीं वंध्यत्वाचा, हें निराळें नोंदवावें. मूळ पाठ कोणता व समासांतील भर कोणती, हात एक कीं दोन, शाई कोणती, पुस्ती कोणत्या घरची, याचीहि नोंद ठेवावी. कारण घाईनें वाढविलेली ओळच एखाद्या घरांतील प्रसंगाची एकमेव साक्ष असूं शकते. आणि अशा पानाची प्रत किंवा छायाचित्र कोणा तरुणास देतांना, तो इतिहासाचा जिज्ञासु आहे कीं स्वतः संकटांत आहे, हें सौम्यपणें विचारून घ्यावें. दुसरा प्रकार असेल तर पोथी मिटून ठेवावी, त्यास दोष न देतां जवळच्या आरोग्यकेंद्राचा रस्ता दाखवावा, आणि पोथी पाहावयास मागाहून बोलवावें. ती तीनशें वर्षें थांबली आहे. त्यास मात्र ७२ तासच आहेत.