वस्ती तीच, कमाई वेगळी : चंद्रपूरच्या कामगार वस्त्या कशा वाचायच्या?

१९८१ साली चंद्रपूर शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख १६ हजार होती. १९९१ साली ती २ लाख २६ हजारांवर गेली आणि २०११ साली ३ लाख २० हजार झाली. सर्वांत मोठी वाढ १९८० च्या दशकातली आहे. औष्णिक वीज केंद्राचे पहिले संच याच दशकात सुरू झाले. त्याआधी, १९७३ मध्ये, कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले होते.

बाबूपेठ, लालपेठ, दुर्गापूर या भागांतल्या वस्त्या या कामांच्या आधाराने वाढल्या. मूल, सिंदेवाही, नागभीडच्या धानपट्ट्यातून आणि गडचिरोलीकडून भूमिहीन माणसे आली. त्यांत आपला समाज मोठा होता. ज्यांना खाणीत कायम नोकरी लागली, त्यांना ठरलेला पगार, भविष्य निर्वाह निधी आणि दवाखाना मिळाला. त्या पगारावर मुले शिकली, घरावर स्लॅब पडला.

पुढच्या पिढीला ती दारे अरुंद झाली. या शतकाच्या सुरुवातीला कोल इंडियात पाच लाखांच्या आसपास कायम कामगार होते. २०२४ पर्यंत ते अडीच लाखांच्याही खाली आले. याच काळात कोळशाचे उत्पादन मात्र जवळपास तिप्पट झाले. भूमिगत खाणींची जागा खुल्या खाणींनी आणि मोठ्या यंत्रांनी घेतली. बरेच काम ठेकेदाराकडे गेले. त्यामुळे आज एकाच गल्लीत निवृत्त खाण कामगार आणि ठेक्यावरचा तरुण शेजारी राहतात.

बाहेरचा माणूस स्लॅबची घरे पाहून म्हणतो, "आता यांना सवलती कशाला?" इथे सरासरीचा खेळ समजून घ्यावा लागतो. समजा, गल्लीत दहा घरे आहेत. दोन घरांत महिना ५० हजार येतात, आठ घरांत १२ हजार. सरासरी निघते १९ हजार ६०० रुपये. एवढी कमाई गल्लीत एकाही घराची नाही! आता ती दोन कुटुंबे तुकूमला किंवा नागपूरला गेली आणि त्यांच्या घरांत १२ हजार कमावणारे भाडेकरू आले, तर सरासरी थेट १२ हजारांवर येते. कोणाचीही कमाई एक रुपयाने घटलेली नाही, बदलली ती राहणारी माणसे.

म्हणून वस्तीचा बदल मोजताना आम्ही तीन प्रश्न वेगळे विचारतो : राहिले कोण, गेले कोण, आले कोण? मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. तिथे कुटुंबाचे उत्पन्न पाहतात, वस्तीची सरासरी नव्हे. धोरणाची चर्चाही तशीच व्हायला हवी.

येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि त्यात जातीचीही नोंद होणार आहे. जनगणना उत्पन्न विचारत नाही. ती घर, पाणी, शौचालय, वाहन, शिक्षण, काम आणि स्थलांतर विचारते. हप्त्यावर घेतलेली मोटारसायकलही तिथे मालमत्ता म्हणूनच दिसते. म्हणून कामाची माहिती नीट सांगणे महत्त्वाचे. ठेक्यावरचा माणूस नुसते "कंपनीत आहे" म्हणाला, तर त्याची खरी स्थिती झाकली जाते.

दुसरी गोष्ट धर्माच्या रकान्याची. बौद्ध लिहिले तर सवलत जाईल ही भीती अजून काही घरांत आहे. १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या. धर्म बौद्ध आणि जात अनुसूचित, दोन्ही नोंदी एकाच वेळी करता येतात.

विहार समित्यांनी आपल्या वस्तीची एक साधी वही आताच करावी. राहिलेले, गेलेले, आलेले असे तीन रकाने पुरेत. नाल्या, अंगणवाडी, अभ्यासिका मागायला जाताना हीच वही कामी येईल.