समुद्र तापलेला, तरी जुलैत चक्रीवादळ का नाही?

चक्रीवादळाला तापलेला समुद्र लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये बंगालचा उपसागर चांगलाच तापलेला असतो, तरी मोठी चक्रीवादळे तेव्हा क्वचितच होतात. ‘फनी’ (२०१९) आणि ‘अम्फान’ (२०२०) ही वादळे मे महिन्यातली, तर ओडिशाचे १९९९चे महाचक्रीवादळ ऑक्टोबरअखेरचे.

याचे मोठे कारण १४ ते १६ किलोमीटर उंचीवर आहे. उन्हाळ्यात तिबेटचे पठार आणि आशियाचा भूभाग तापतो. हिंदी महासागर त्यामानाने थंड राहतो. या फरकामुळे पावसाळ्यात दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे ताशी शंभराहून अधिक किलोमीटर वेगाने वारा वाहतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये या पूर्वेच्या ‘जेट’ प्रवाहावर शोधनिबंध लिहिला.

चक्रीवादळ उभ्या खांबासारखे वाढते. वाफेचे पाणी होताना निघणारी उष्णता मध्यभागी साठली, तरच ते जोर धरते. पावसाळ्यात खालचा वारा पश्चिमेचा आणि वरचा पूर्वेचा असतो. या ओढाताणीत खांब कलतो, उष्णता विखुरते. मे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही ओढाताण कमी असते. शिवाय पावसाळ्यात कमी दाबाची क्षेत्रे किनाऱ्याजवळ तयार होतात. समुद्रावर वाढायला त्यांना वेळच मिळत नाही.

हीच अर्धवट राहिलेली वादळे ओडिशा, छत्तीसगडमार्गे सरकतात. त्यांच्या नैर्ऋत्य भागात पाऊस सर्वाधिक असतो, म्हणून नागपूर, भंडारा, गोंदियात झड लागते आणि धानाची रोवणी साधते.

झडीनंतर बांधावर, शेतात गवत-झुडपे माजतात आणि ‘स्क्रब टायफस’चा धोका वाढतो. २०१८च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर परिसरात या तापाने बळी घेतले होते. झुडपांतल्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून तो होतो. चाव्यानंतर साधारण ६ ते २१ दिवसांत तीव्र ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. काखेत, जांघेत किंवा कमरेजवळ न दुखणारी काळी खपली दिसू शकते. पण ती प्रत्येकात असतेच असे नाही.

गवतात काम करताना पूर्ण बाह्यांचे कपडे आणि बूट घालावेत; घरी आल्यावर अंघोळ करून कपडे धुवावेत. ताप आलाच, तर अंगावर काढू नये. शेतात काम केल्याचे आणि खपलीचे डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्सीसायक्लिन हे जुने, स्वस्त औषध वेळेवर मिळाले, तर बहुतेक रुग्ण बरे होतात. उशीर झाला, तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूवर परिणाम होतो.