पहाटेचें दंव आणि विजेची तार

परभणीहून जिंतूरकडे निघालें म्हणजे वाटेंत बोरी हें गांव लागतें. भोंवतालची जमीन काळी. पिकें मुख्यतः कपाशीचीं व ज्वारीचीं. पावसाळा सरून रान वाळलें, कीं चाकांखालीं आणि खुरांखालीं या मातीचा भुगा होतो व तो वाऱ्याबरोबर सर्वत्र जाऊन बसतो: घरांच्या पत्र्यांवर, तुरीच्या पानांवर, आणि विजेच्या तारा मनोऱ्यांपासून अलग तोलून धरणाऱ्या चिनी मातीच्या इन्सुलेटरांवरहि.

रब्बीच्या हंगामांत विहिरींवरील पंपांना पुष्कळदां रात्रींच्या पाळीनें वीज मिळते. गव्हा-हरभऱ्याला पाणी द्यावयाचें तें अशा रात्रीं. पहाटेची वेळ, वारा पडलेला, आकाश निरभ्र, गवतावर दंव. अशा शांत घटकेलाच एखादी वाहिनी एकाएकीं बंद पडते आणि त्या पाळीचें पाणी चुकतें. आषाढांतील मुसळधार पावसांत टिकलेल्या वाहिनीनें पौषांतील दंवापुढें मात कां खावी, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाहीं.

कोरडी धूळ विजेला वाट देत नाहीं. जोराचा पाऊस तर उपकारकच; तो धूळ धुऊन नेतो. धोका आहे तो या दोहोंच्या मधल्या अवस्थेंत. दंव किंवा धुकें धुळींतील क्षार व रासायनिक खतांचे कण विरघळविण्यापुरतें पाणी पुरवितें, पण तें वाहून नेण्याइतकें पुरवीत नाहीं. इन्सुलेटरच्या तबकडीवर मग खाऱ्या ओलाव्याचा पातळ थर तयार होतो व त्यांतून थोडी थोडी वीज झिरपूं लागते. जेथें तबकडी अरुंद असते तेथें या प्रवाहाची उष्णता अधिक, म्हणून तेथील थर आधीं वाळतो. अशा कोरड्या पट्ट्यावर विजेचा जवळजवळ सर्व दाब येऊन पडतो, आणि पट्टा ओलांडून ठिणगी उडते. थरांत क्षार कमी असतील तर ती विझते. ते पुरेसे असतील तर ठिणग्या लांबत जातात, एकमेकींना मिळतात, आणि तारेपासून मनोऱ्यापर्यंत ज्वाळेचा एकच पूल बांधला जातो. उपकेंद्रांतील स्विच तत्क्षणीं उघडतो, व गांवांत अंधार होतो.

नेहमींच्या वापरांतील २५४ मिलिमीटर व्यासाची स्वच्छ तबकडी कोरडी असतांना सुमारे ८० किलोव्होल्ट आणि पावसांत सुमारे ५० किलोव्होल्ट दाबापर्यंत तग धरते. चौरस सेंटिमीटरमागें मिलिग्रॅमचा केवळ दहावा भाग मीठ तिच्यावर बसलें आणि वर दंव पडलें, तर पन्नासाच्या निम्मा दाबहि तिला सोसवत नाहीं. म्हणून कारखान्यांतील पावसाच्या चाचणींत उतरलेला इन्सुलेटर रानांतहि उतरेलच, असें मानतां येत नाहीं. त्यासाठीं मळाचीच चाचणी घ्यावी लागते.

या चाचणीच्या दोन प्रमुख रीती आहेत. पहिली समुद्रकांठच्या हवेची नक्कल करते. बंद खोलींत स्वच्छ इन्सुलेटर टांगून त्यावर विजेचा दाब ठेवतात आणि मिठाच्या पाण्याचें धुकें फवारतात. समुद्राच्या एका घनमीटर पाण्यांत सुमारे ३५ किलो मीठ असतें. चाचणींत तें २२४ किलोंपर्यंत वाढवितां येतें. इन्सुलेटरनें एक तास टिकावें लागतें, व तेंहि तीनदां. एकदां चूक झाली तर चौथी संधि मिळते. त्यापुढें क्षमा नाहीं. टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत्केंद्रांतून १९१५ सालीं सुमारे एक लाख व्होल्ट दाबानें मुंबईस वीज येऊं लागली. खाड्या आणि मिठागरें यांच्या शेजारीं पोंचणाऱ्या अशा वाहिन्यांना ही परीक्षा अगदीं साजेशी आहे.

बोरीला समुद्र नाहीं. तिच्यासाठीं दुसरी रीत. एक किलो पाण्यांत ४० ग्रॅम केओलिन व जरुरीपुरतें मीठ कालवून तो राप इन्सुलेटरवर चढवितात आणि वाळवितात. मग विजेचा दाब देऊन खालून वाफ सोडतात. थर हळूहळू ओला होतो, ठिणग्या दिसूं लागतात, आणि ज्वाळा उठते किंवा १०० मिनिटें निभावून जातात. केओलिन म्हणजे जिच्यापासून हे इन्सुलेटर घडवितात तीच पांढरी माती. तिलाच मळ म्हणून वर लावावें लागतें, ही गंमतच म्हणावयाची.

वीज पुरविणारें यंत्रहि येथें दमदार लागतें. तें अशक्त असेल तर झिरपणारा प्रवाह वाढतांच दाब खालीं बसतो, ठिणगी आपोआप विझते, आणि वाईट इन्सुलेटरहि चांगला ठरतो. चाचणी घेणाऱ्याला फसविण्याची ही सर्वांत सोपी वाट होय.

तरीहि केओलिन म्हणजे बोरीची काळी माती नव्हे. काळी माती चिकण, पाणी शोषून धरून ठेवणारी. जपानांत वापरली जाणारी टोनोको नांवाची माती आणि केओलिन यांनीं केलेल्या चाचण्यांचे आंकडेहि एकमेकांशीं तंतोतंत जुळत नाहींत. यास्तव खोलींतील निकाल रानाला लावण्यापूर्वीं रानांतील मळ मोजणें भाग पडतें. त्यासाठीं चार उभ्या नळ्या चार दिशांना खांचा ठेवून जमिनीपासून तीन मीटर उंचीवर बसवितात. खांचेंतून शिरलेली धूळ खालच्या डब्यांत जमते. महिन्यानें ती अर्ध्या लिटर शुद्ध पाण्यांत कालवून त्या पाण्यांतून वीज कितपत वाहते तें पाहतात. परळीसारख्या ठिकाणीं दगडी कोळशाची राख कोणत्या वाऱ्यानें येते, किंवा बोरीसारख्या ठिकाणीं शेतांतील धूळ कोणत्या महिन्यांत वाढते, हें अशा डब्यांवरून उमगतें.

या खटपटीचें मोल एका हिशेबांत दिसतें. बोरीच्या शिवारांतून १३२ किलोव्होल्टची वाहिनी जात आहे असें समजा. तिचा कमाल दाब १४५ किलोव्होल्ट धरतात. १९८६ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेंत दर किलोव्होल्टमागें इन्सुलेटरच्या पृष्ठभागावरील वाटेची लांबी हलक्या मळाला १६, मध्यमाला २०, भारी मळाला २५ व अति भारी मळाला ३१ मिलिमीटर सांगितली होती. एका तबकडीवर ही वाट २९२ मिलिमीटर मिळते. म्हणजे हलक्या मळाला ८ तबकड्या, मध्यमाला १०, भारीला १३ आणि अति भारीला १६. २००८ सालच्या सुधारित मार्गदर्शिकेनें प्रत्यक्ष जागेवरील मोजमापावर अधिक भर दिला, आणि तें योग्यच झालें. त्याच सुमारास, २००७ च्या जानेवारींत व २००८ च्या मार्चांत, उत्तर भारतांत दाट धुक्यांत मळलेल्या इन्सुलेटरांमुळें उच्च दाबाच्या अनेक वाहिन्या बंद पडल्या होत्या. पुढें तेथें पुष्कळ ठिकाणीं चिनी मातीऐवजीं सिलिकोन रबराचे इन्सुलेटर बसविण्यांत आले. त्यांवर पाणी पसरत नाहीं, थेंब थेंब होऊन राहतें.

मग सरसकट १६ तबकड्या कां लावूं नयेत? एका तबकडीची उंची १४६ मिलिमीटर. ८ तबकड्यांची माळ सव्वा मीटरच्या आंत राहते. १६ तबकड्यांची सव्वादोन मीटरांहून लांब होते. तार तितकी खालीं येते व वाऱ्यानें मनोऱ्याच्या अंगाकडे अधिक झुलते. मनोरा उंच आणि रुंद करावा लागतो, आणि असे मनोरे शेंकड्यांनीं उभारावयाचे असतात. उलट ८ वर भागविलें तर पौषांतील पहाट आहेच. १० कीं १३, हें ठरविण्यापूर्वीं नळ्यांखालचे डबे निदान वर्षभर महिन्याच्या महिन्याला उतरवून पाहावे लागतात.