ऋषभ : एक नाव, दोन उच्चार

खामगावच्या आमच्या ओसवाल घरात मारवाडी बोलली जाते. धाकटी सून मात्र चिखलीच्या सैतवाळ जैन घराण्यातील. तिची मातृभाषा मराठी. गेल्या फाल्गुनात तिला पुत्ररत्न झाले. प्रथम तीर्थंकरांचे नाव ठेवावे, यावर दोन्ही घरांचे तत्काळ एकमत झाले. वाद उद्भवला तो ‘ऋ’ या एका अक्षरावरून.

विहीणबाई ‘रुषभ’ म्हणत, तर चिरंजीव हिंदीच्या वळणाने ‘रिषभ’. देवनागरीत दोघांचीही सोय होते. परंतु इंग्रजीत ‘आर’पुढे ‘यू’ लिहावा की ‘आय’, हे ठरवावेच लागते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पुढे जन्मदाखलाच प्रमाण मानला जातो. थोरली नात प्रज्ञा हिच्या एका कागदावर ‘ग्य’ आणि दुसऱ्यावर ‘द्न्य’ उमटल्याने घातलेले हेलपाटे आम्ही विसरलो नव्हतो. (नावाविनाही जन्मनोंद होते व बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क भरता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.)

मी ग्रंथांकडे वळलो. प्राकृतात ‘ऋ’ हा स्वरच नाही. कल्पसूत्रात भगवंत ‘उसभ’ आहेत, तर अपभ्रंश काव्यांत ‘रिसह’. उभय पक्षांना पुरावा मिळाला आणि निर्णय होता तेथेच राहिला!

बारशाचा दिवस उजाडला. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, आमच्याकडे तिला भुवासा म्हणतात. ती पाळण्याशी वाकली आणि कोणते नाव सांगू, म्हणून माझ्याकडे पाहू लागली. तेव्हा नव्वदीच्या मातोश्री प्रथमच बोलल्या. बारा दिवस त्या बाळाला नुसते ‘गीगा’ म्हणत होत्या. कारण आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानी आले नव्हते. माझ्या आजोबांचे नाव रिखबचंद. संस्कृतातील ‘ष’ मारवाडीत ‘ख’ होतो. म्हणजे रिखब आणि ऋषभ एकच. सासऱ्यांचे नाव मातोश्रींनी सत्तर वर्षांत एकदाही उच्चारलेले नाही. दुकानाच्या जुन्या पाटीकडे त्या केवळ बोट दाखवीत.

‘‘रिषभ म्हारे मूंडा सूं कोनी निकळे,’’ त्या म्हणाल्या. मग सुनेकडे वळून मराठीत, ‘‘तुझ्या आईचं रुषभ म्हणता येईल मला.’’

भुवासाने बाळाच्या कानात तेच सांगितले. दुसऱ्या दिवशी मी अर्जात ‘यू’ लिहिला. पाळण्याची दोरी ओढताना मातोश्री आता नातसुनेला विचारून विचारून ‘रु’ घोकतात.